खिशातलं वेळापत्रक

‘वाशी, सेक्टर ९, जेएन-२ टाईप’ असा पत्ता गिरगावात किंवा सदाशिव पेठेत वाढलेल्या पाहुण्याला दिला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘पण जवळ काय आहे?’ पंचाईत तिथेच व्हायची. जवळ जेएन-१ टाईप असायचं आणि पलीकडे जेएन-३. जुन्या गावात पत्ता सांगताना मारुतीचं देऊळ, वाण्याचं दुकान, पिंपळाचा पार असं काहीतरी हाताशी असतं. सिडको या सरकारी महामंडळाने आखलेल्या शहरात आकडे होते. सेक्टर ९ वाशीत आहे, कोपरखैरणेत आहे आणि ऐरोलीतही आहे. रिक्षावाल्याला नोडचं, म्हणजे उपनगराचं, नाव सांगायला विसरलं, की अर्ध्या तासाचा फेरा पक्का.

मोबाइलवरच्या सोयी आणि इंटरनेटवरच्या सेवा नवी मुंबईत कशा रुजल्या, ते या पत्त्यापासून समजून घ्यायला हवं. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर पहिला पूल झाला आणि त्यानंतर वाशीत वस्ती हळूहळू वाढू लागली. आगरी-कोळी गावांमधली माणसं सोडली, तर बाकी सगळे बाहेरून आलेले. कुणी परळ-लालबागच्या चाळीतून, कुणी साताऱ्याहून, कुणी केरळमधून. कोणती बस कुठे जाते, शेवटची गाडी कितीची, दवाखाना कुठल्या वळणावर, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ज्ञान या शहरात कुणाकडेच नव्हतं. शेजाऱ्याला विचारावं, तर तोही मागच्याच महिन्यात आलेला. ज्या शहरात ठाऊक असलेली माणसं कमी, तिथे माहिती देणाऱ्या वस्तूला गिऱ्हाईक मिळणारच.

प्रवासाचे हाल तर विचारूच नयेत. सिडकोने सुरू केलेली बीएमटीसी ही बससेवा १९८४ मध्ये बंद पडली. पुढची काही वर्षं लोकांनी एसटी, बेस्ट आणि कंपन्यांच्या बसगाड्यांवर काढली. मग ९ मे १९९२ रोजी मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली. या मार्गांच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलायचा, असं ठरलेलं होतं. त्यापायी नवी मुंबईच्या प्रवाशाला तिकिटावर वेगळा अधिभारही मोजावा लागला. पुढच्या वर्षी गाडी बेलापूरपर्यंत गेली, १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली आणि २००४ मध्ये ठाणे-तुर्भे मार्ग सुरू झाला. महापालिकेची एनएमएमटी ही बससेवा रस्त्यावर आली १९९६ मध्ये.

गाडी आली तरी ती केव्हा आहे हे कळायला हवं. दादरला एक गाडी चुकली तर चार मिनिटांत दुसरी मिळते, त्यामुळे तिथे वेळापत्रक पाहणारा माणूस नवखा समजला जातो. नवी मुंबईच्या हार्बर मार्गावर तसं नव्हतं. कुर्ल्याला किंवा वडाळ्याला उभ्या असलेल्या माणसाला पनवेल हवी असायची आणि समोर मानखुर्द नाहीतर वाशी लागायची. म्हणून पाकिटात छापील वेळापत्रकाची घडी आणि तोंडी ‘आपली आठ-सतराची’. गाडीला नाव नव्हतं, वेळ हेच तिचं नाव होतं. घडी फाटली की गाडीत फिरणाऱ्या विक्रेत्याकडून नवी घ्यायची. वेळापत्रक बदललं की पहिले आठ दिवस सगळा डबा चिडलेला. फलाटावरचा इंडिकेटर काय ते सांगायचा, पण त्यासाठी आधी फलाटावर यावं लागायचं. घरातून निघायच्या आधी सांगणारं कुणीच नव्हतं.

फोनचं म्हणाल तर सुरुवातीची वर्षं पिवळ्या पीसीओची. एमटीएनएलची हद्द नवी मुंबईपर्यंत होती, पण नव्या इमारतीत लाइन येईपर्यंत नव्या संसाराची बाळं चालायला लागत. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला लागला, त्यानंतर थोड्याच काळात मुंबईत मॅक्सटच आणि बीपीएल यांच्या सेवा सुरू झाल्या. मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास दर, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे. अशा काळात जे पहिलं मोबाइल-साधन सर्वसामान्यांनी शोधून काढलं, ते कुठल्याही कंपनीने बनवलेलं नव्हतं. ते म्हणजे मिस कॉल. एक रिंग म्हणजे ‘पोहोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’, तीन म्हणजे ‘आज उशीर होईल, जेवून घे’. घराघराची परिभाषा वेगळी, आणि खर्च शून्य. कंपन्यांना यातून दमडी मिळत नव्हती, तरी त्यांच्या जाळ्यावरची ही सगळ्यात विश्वासू सेवा होती.

त्यात एक गंमत नवी मुंबईच्या वाट्याला अधिक आली. दूरसंचार खात्याच्या नकाशावर मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र (गोव्यासह) हे दुसरं. पुण्याला निघालेल्या माणसाचा फोन पनवेल मागे टाकून घाटाकडे लागला, की पडद्यावर रोमिंगची खूण यायची. राज्य तेच, भाषा तीच, पण आलेला कॉल घेणं महाग. खिडकीशी बसलेले कित्येक जण त्या टापूत फोन बंदच करून टाकत.

हे चित्र पालटलं ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरून. २८ डिसेंबर २००२ रोजी, धीरूभाई अंबानींच्या जयंतीदिनी, रिलायन्स इन्फोकॉमची घोषणा झाली. तिचा सगळा कारभार कोपरखैरणेच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून चालायचा. देशभरच्या जाळ्यावर नजर ठेवणारी भिंतभर पडद्यांची खोलीही तिथेच. जुलै २००३ मधल्या ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये भरले की हातात फोन. एलजीचे आणि सॅमसंगचे ते छोटे सीडीएमए फोन अल्पावधीत भाजीवाल्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या खिशात दिसू लागले. त्याच वर्षी येणारे कॉल फुकट झाले आणि मिस कॉलची परिभाषा थोडी थोडी विसरली गेली.

त्या फोनमध्ये ‘आर-वर्ल्ड’ नावाचं एक बटण होतं. क्रिकेटचा स्कोअर, राशिभविष्य, बातम्या, रिंगटोन, गाड्यांची चौकशी असा सगळा बाजार त्यात मांडलेला होता. स्मार्टफोन हा शब्द लोकांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी, जावावर चालणारी ही छोटी अॅप्सच होती. कल्पना काळाच्या पुढची होती यात शंका नाही. पण पडदा दोन बोटांचा, मजकूर इंग्रजीत, आणि एखादं बटण चुकून दाबलं तर बिलात काय उगवेल याची धास्ती. पोरांनी रिंगटोन घेतल्या, मोठ्यांनी त्या बटणापासून अंगठा लांब ठेवला. वरून खाली ओतलेल्या सेवेचं बहुधा असंच होतं. देणाऱ्याला जे द्यायचंय ते भरपूर असतं, पण घेणाऱ्याचा प्रश्न त्यात नेमका सापडत नाही. ‘आठ-सतरा गेली का?’ हे त्यातून कळत नव्हतं.

पुढे त्याच रस्त्यावर, घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये, जिओची सेवा २७ डिसेंबर २०१५ रोजी आधी कर्मचाऱ्यांसाठी खुली झाली आणि ५ सप्टेंबर २०१६ पासून सगळ्यांसाठी. धीरूभाईंच्या दोन मुलांच्या दोन कंपन्या, पत्ता जवळजवळ एकच. धाकट्याच्या कंपनीची मोबाइल कॉलसेवा २०१७ च्या अखेरीस बंद पडली. थोरल्याच्या फुकट इंटरनेटसाठी त्याआधीच रांगा लागल्या होत्या.

पण नवी मुंबईतला माहितीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा बाजार वेगळाच. तो भरतो वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीत. मुंबईतले घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने इथे हलले. आधी कांदा-बटाटा, मग धान्य-मसाले, आणि १९९६ मध्ये भाजीपाला आणि फळं. या बाजाराची एक रीत अशी की हापूसचा सौदा मोठ्याने बोलून होत नसे. अडत्या आणि खरीदार एकमेकांचे हात हातात घेत, त्यावर रुमाल टाकत आणि बोटांच्या दाबाने भाव ठरवत. आजूबाजूला उभ्या असलेल्या दहा जणांना नुसता रुमाल हलताना दिसे. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराला भाव कळायचा तो पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात पडल्यावर. या पद्धतीविरुद्ध ओरड पुष्कळ झाली, नियमही झाले, तरी रुमाल सहजासहजी गेला नाही.

या रुमालावर उतारा म्हणून मोबाइल पुढे करण्यात आला. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २००७ मध्ये महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा आणली. शेतकऱ्याने आपलं पीक आणि बाजार निवडायचा, वर्गणी भरायची आणि मग मोबाइलवर मराठीत एसएमएस यायचे. आजचा भाव, हवामान, फवारणीचा सल्ला. वर्गणीची सोय पोस्टातही होती, म्हणजे मनीऑर्डर येणाऱ्या खिडकीवर कांद्याचा भावही विकत मिळू लागला. कौतुक खूप झालं. अर्थशास्त्रज्ञ मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी मात्र कौतुकावर न थांबता महाराष्ट्रातल्या १०० गावांत रीतसर प्रयोग केला. काही गावांतल्या शेतकऱ्यांना ही सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि दोघांना मिळालेले भाव ताडून पाहिले. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आला. सेवा मिळालेल्यांच्या सरासरी दरात म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता.

यात नवल वाटावं असं फारसं नाही. वाशीचा भाव मोबाइलवर वाचता आला, तरी टेम्पो कुणाचा, उचल कुणाकडून घेतलेली, आणि माल परत नेला तर सडणार किती, हे हिशेब एसएमएसमध्ये मावत नाहीत. भाव कळणं आणि भाव मिळणं यांत घाट आडवा आहे. व्यापाऱ्यांनी मात्र मोबाइलचा फायदा पुरेपूर उठवला. लासलगावला काय निघालं, गुजरातचा माल किती गाड्या येतोय, हे ज्याला पहाटे चारला फोनवर कळायचं, त्याच्या बोटांचा दाब रुमालाखाली वेगळाच पडायचा.

लोकलच्या प्रवाशाला मात्र नुसतं ‘कळणं’ पुरेसं होतं. आठ-सतरा गेली एवढं कळलं तरी चहा प्यायचा की पळायचं हे ठरवता येतं. म्हणूनच या शहरात खरा जम बसला तो ‘एम-इंडिकेटर’चा. सचिन टेके यांनी २००८ मध्ये ते बनवलं. अँड्रॉइड फोन तेव्हा सामान्य माणसाच्या हातात आलेले नव्हते. नोकियाच्या आणि सोनी एरिक्सनच्या साध्या फोनवर चालेल असा जावामधला छोटासा प्रोग्राम होता तो. संपूर्ण वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं, इंटरनेटची गरज नाही, म्हणजे पैसे कापले जाण्याची धास्तीही नाही. कुठून, कुठे आणि केव्हा एवढं निवडलं की पुढच्या गाड्यांची यादी समोर. धीमी की जलद, नऊ डब्यांची की बारा. खाडीपुलावर रेंज गेली तरी त्याचं काही अडायचं नाही.

आणि ते पसरलंही लोकलच्याच पद्धतीने. ऑफिसच्या ग्रुपमधला एखादा हौशी तरुण इंटरनेटवरून फाइल उतरवून आणायचा. मग मानखुर्द ते वाशी या पट्ट्यात, जिथे खाडीवर बराच वेळ स्टेशन नाही, ब्लूटूथ चालू करून ती एकमेकांच्या फोनवर ढकलायची. ‘पेअर कर, पेअर कर, कोड चार शून्य टाक.’ समोरच्या बाकावरचे काका चष्मा कपाळावर चढवून विचारत, ‘यात पैसे जात नाहीत ना?’ जात नाहीत हे दोनदा ऐकल्यावरच फोन पुढे करत. जाहिरातीवर छदाम खर्च न होता डब्यातून डब्यात पोहोचलेली ही गोष्ट पाकिटातली घडी हळूहळू बाद करत गेली. छापील वेळापत्रकाच्या धंद्याला कुणी श्रद्धांजली वाहिल्याचं ऐकिवात नाही.

नंतर त्यात भर पडत गेली. रविवारचा मेगाब्लॉक, बेस्टच्या आणि एनएमएमटीच्या बसमार्गांचे आकडे, रिक्षा-टॅक्सीच्या भाड्याचा तक्ता. रिक्षाचा तक्ता तर भांडण मिटवायचं हत्यार झालं. भाडेवाढीनंतर मीटरमध्ये बदल होईपर्यंत रिक्षावाला मळकट कार्ड दाखवायचा आणि प्रवासी मोबाइल. स्मार्टफोन आल्यावर प्रवाशांच्या गप्पांची सोयही झाली. ‘सानपाड्याला गाडी थांबलीय, दहा मिनिटं झाली’ असं डब्यातलाच माणूस लिहायचा आणि नेरुळच्या घरात बसलेला ते वाचून चपला घालायचं लांबवायचा. अधिकृत घोषणा यायच्या आधी बातमी पोहोचलेली असायची. अर्थात अफवाही त्याच वेगाने यायच्या.

२६ जुलै २००५ च्या पावसात मात्र यातलं काहीच नव्हतं, आणि मोबाइलची जाळीही त्या दिवशी कोलमडली होती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि कित्येक चाकरमानी रात्रभर चालत किंवा रुळांवरून वाट काढत घराकडे निघाले. खाडीपलीकडच्या घरांत त्या रात्री फोन लागत नव्हते. तीन वर्षांनी आलेल्या त्या छोट्या प्रोग्रामचं स्वागत एवढं मनापासून का झालं, याला त्या रात्रीचीही थोडी पार्श्वभूमी असावी.

तिकिटाची कथा वेगळी, आणि ती अधिक रडतखडत पुढे सरकली. खिडकीची रांग टाळायला आधी कूपनं होती. पुस्तिका विकत घ्यायची आणि स्टेशनवरच्या यंत्रात कूपन सरकवून ठप्पा उमटवायचा. यंत्र बंद असेल तर ठप्पा नाही, आणि ठप्पा नाही म्हणजे टीसीसमोर वकिली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या लोकलसाठी यूटीएस अॅप आलं. पहिल्या अवतारात मोबाइलवर तिकीट काढायचं आणि मग स्टेशनवरच्या एटीव्हीएम यंत्रातून ते छापून घ्यायचं, म्हणजे रांगेतून सुटका ती काय झाली! २०१५ मध्ये कागदाविना तिकीट सुरू झालं, तेव्हा कुठे त्याला अर्थ आला.

पण त्यातही मेख होती. फुकट प्रवास करून टीसी दिसताच तिकीट काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून जीपीएसचं कुंपण घातलेलं. स्टेशनच्या आत किंवा रुळांच्या फार जवळ तिकीट निघत नाही. नवी मुंबईची स्टेशनं म्हणजे सिडकोने बांधलेले अवाढव्य काँक्रीटचे मनोरे. वाशीला तर फलाटांच्या डोक्यावर कार्यालयांचे मजले. असल्या छताखाली फोनला आभाळ दिसत नाही आणि आपण कुठे आहोत ते नक्की कळत नाही. मग सकाळच्या घाईत एक नवाच व्यायाम सुरू झाला. स्टेशनच्या पायऱ्यांपर्यंत आलेला माणूस मागे फिरतो, रिक्षास्टँडपाशी जातो, फोन वर धरतो, तिकीट निघालं की पुन्हा धावतो, आणि तोवर गाडी सुटते. फार लांबून तिकीट काढायला असलेली मर्यादा २०२४ मध्ये उठली, त्यामुळे घरातूनच तिकीट काढून निघणाऱ्यांची सोय झाली. जवळचं कुंपण राहिलं.

पैशांच्या व्यवहाराला कलाटणी ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने मिळाली, हे सगळ्या देशाचंच. पण त्या व्यवहारांची यंत्रं ज्या इमारतींत गुरगुरतात, त्यांतल्या काही इथेच आहेत. स्टेट बँकेचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र सीबीडी बेलापूरला, रिझर्व्ह बँकेचं डेटा सेंटर खारघरला. एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, महापे-रबाळे-ऐरोलीला, आता खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत, आणि २०२० पासून पनवेललाही एक मोठं केंद्र चालू आहे. चिमणीतून धूर निघत नाही, पण वीज आणि पाणी यांची भूक जुन्या कारखान्यांसारखीच.

सगळंच रुजलं असंही नाही. २०१८ मध्ये महापालिकेने युलू कंपनीसोबत ‘जनसायकल सहभाग प्रणाली’ सुरू केली. कोड स्कॅन करायचा, कुलूप उघडायचं, स्टेशनवरून घरी सायकलने जायचं. पहिल्या दिवसांत पामबीच रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली. स्टेशनवरून रोज घर गाठणाऱ्या चाकरमान्याने मात्र भाजीची पिशवी, डबा आणि मे महिन्यातलं ऊन यांचा विचार करून पुन्हा शेअर रिक्षाच धरली.

आणि मग करोनाचं २०२१ साल. १५ ऑगस्टपासून लोकलचं दार पुन्हा उघडलं, पण लशीचे दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच. त्याचा पुरावा क्यूआर कोडच्या पासाच्या रूपात. ज्यांना मोबाइल जमत होता त्यांनी घरबसल्या पास काढला. ज्यांना जमत नव्हता ते आधार कार्ड आणि लशीचं प्रमाणपत्र घेऊन स्टेशनवरच्या मदतकक्षापुढे उभे राहिले. तिथे कागद तपासून तिकिटाच्या खिडकीकडे पाठवलं जाई. मोबाइल न वापरता या शहरात अमुक एक करता येत नाही, ही गोष्ट बऱ्याच ज्येष्ठांना पहिल्यांदा कळली ती त्या रांगेत.

आता नवा टप्पा उरणचा आहे. नेरुळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंत गाडी नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी ती उरणपर्यंत गेली. उलवे आणि द्रोणागिरीच्या नव्या इमारतींत पुन्हा तशीच माणसं राहायला आली आहेत, बाहेरून आलेली आणि आसपासचं काही ठाऊक नसलेली. दादरसारख्या चार-चार मिनिटांच्या गाड्या इथे नाहीत. एक चुकली की बराच वेळ फलाटावरची पाटी वाचत बसायचं. त्यामुळे उलव्याच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की वॉचमन त्याला पाण्याची वेळ सांगतो, आणि शेजारी विचारतो, ‘एम-इंडिकेटर आहे ना फोनमध्ये?’